एक ओळ, एक आज्ञा

शेल म्हणजे कवच. विषयाचे नाव वाचून कोणाला समुद्रकाठचा शिंपला आठवला असेल, तर तो फारसा चुकला नाही. संगणकाच्या पोटात जी मुख्य व्यवस्था चालते तिला गाभा म्हणतात. माणूस आणि हा गाभा यांच्या मध्ये जो प्रोग्रॅम बसलेला असतो, तो गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला असतो म्हणून त्याला शेल हे नाव पडले. माणसाने एक ओळ टंकावी. शेलने ती वाचावी, तिचे शब्द पाडावे, पहिल्या शब्दाला आज्ञा समजावे आणि उरलेले शब्द त्या आज्ञेच्या ओंजळीत घालावे, असा हा सारा व्यवहार आहे. त्यात चित्रे नाहीत, रंग नाहीत, बोटाने सरकवण्यासारखे काही नाही. म्हणून तो मागासलेला आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तीतील एकूण एक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आले आहे, आणि त्या यंत्रांचे चालक त्यांच्याशी बोलतात ते बहुतांशी अशाच ओळींनी.

‘शब्द पाडावे’ असे आम्ही वर सहज म्हणून गेलो. पण आजचा विषय त्या दोन शब्दांतच आहे. एक वस्तू कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी? ओळ लिहिणाऱ्याने, ती वाहून नेणाऱ्याने, की वाचणाऱ्याने? प्रश्न शब्दच्छलाचा वाटतो. त्याच्या चुकीच्या उत्तराने काय होते हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका गृहस्थांनी घरातील जुने दस्त, पत्रे आणि छायाचित्रे यांच्या प्रतिमा घेऊन संगणकात ठेवल्या आहेत. मूळ कागदांना वाळवी लागली. आता जे काय शिल्लक आहे ते या प्रतिमांत. अशा चार हजार फाइली. त्यांनी नातेवाइकांना पाठवण्यासाठी प्रत्येक प्रतिमेची एक बारकी नक्कल करवली आणि तिला ‘आजी.जेपीजी लहान’, ‘खरेदीखत.जेपीजी लहान’ अशी नावे दिली. नकला पाठवून झाल्या. आता त्या पुसून टाकायच्या आहेत. एक फाईल पुसायला ‘आरएम’ ही आज्ञा पुरते. पण चार हजार वेळा ‘आरएम’ टंकणार कोण? इथे शेलची खरी गरज लागते. नावांची यादी एका प्रोग्रॅमने काढायची आणि यादीतील प्रत्येक ओळीवर दुसरी आज्ञा चालवायची.

आज्ञा आम्ही या लेखात देवनागरीतच छापीत आहोत. कळफलकावर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. यादी काढणारी आज्ञा अशी :

फाइंड . -नेम '* लहान'

टिंबाचा अर्थ ‘इथून खाली’, आणि तारकेचा अर्थ ‘काहीही’. ज्या फाईलच्या नावाचा शेवट ‘ लहान’ असा होतो तिचे नाव पडद्यावर येते, एका ओळीत एक. यादी तर झाली. ती पुढच्या आज्ञेच्या हाती कशी द्यायची?

यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय नावाचे गणितज्ञ होते. १९६४ च्या ऑक्टोबरात त्यांनी एक टिपण लिहून ठेवले, त्यात इच्छा अशी की बागेला पाणी घालण्याच्या नळीला जसा आणखी एक तुकडा आटे फिरवून जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. त्यानंतर पाच वर्षांनी त्याच संस्थेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून युनिक्स जन्माला आली, आणि १९७३ मध्ये टॉम्प्सनने मॅकिलरॉय यांची ती नळी युनिक्समध्ये बसवली. दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ ओढली की डावीकडचीतून निघालेले उजवीकडचीत जाऊन पडते. आजही रेघ तीच आहे.

आता एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ज्यांनी विहिरीवरचा रहाट पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की रहाटाने पाणी गाडग्यागाडग्याने वर येते. गाडगे मोजता येते. नळीने येते ते पाणी अखंड येते, त्यात गाडगी नसतात. युनिक्सची नळी ही नळीच आहे, रहाट नव्हे. तिच्यातून बाइट वाहतात, एकामागून एक. ओळ म्हणून काही तिला ठाऊक नाही. दहा या क्रमांकाचा बाइट आला की ओळ संपली, हा नळीच्या दोन टोकांवर बसलेल्या प्रोग्रॅमांचा आपसांतला करार आहे. करार पाळला तर पाणी गाडग्यांत भरले जाते. न पाळला तर कोणाचे पाणी कोणाच्या गाडग्यात जाईल याचा नेम नाही.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. आपले जुने मोडी कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांनी पाहिले असेल, की आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जायचे, शब्दांत जागा सोडायची नाही, असा त्या लेखनाचा रिवाज होता. शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने अनुभवाने ठरवायचे. मुरलेला वाचक ते बिनचूक ठरवतो, कारण त्याला मजकुराचा अर्थ कळतो. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला फक्त नियम कळतो, आणि प्रत्येक प्रोग्रॅमचा नियम निराळा असू शकतो.

प्रत्येक ओळीवर आज्ञा चालवण्याचे जुने व सरळ साधन म्हणजे शेलमधली फेरी. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. आजचे बहुतेक शेल त्याच घराण्यातले. त्यातली फेरी अशी लिहितात :

फाइंड . -नेम '* लहान' | व्हाइल आयएफएस= रीड -आर ओळ; डू आरएम "$ओळ"; डन

‘रीड’ एक ओळ वाचते व ती ‘ओळ’ या नावाच्या डब्यात ठेवते. ‘डू’ आणि ‘डन’ यांच्यामध्ये जे असेल ते त्या ओळीसाठी केले जाते. मग पुढची ओळ. यादी संपली की फेरी संपली. इतके सोपे असताना मध्ये ही ‘आयएफएस=’, ‘-आर’ आणि अवतरणचिन्हे कशाला, असे कोणीही विचारील. ती भरताड नव्हे. ‘आयएफएस’ म्हणजे शब्द कशावर तोडायचे त्या चिन्हांचा संच. तो रिकामा केला नाही तर ‘रीड’ ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटून टाकते. ‘-आर’ दिला नाही तर ओळीतली उलटी तिरकी रेघ ती आपल्यासाठी असलेली खूण समजून गिळते. आणि डॉलरच्या चिन्हाभोवती अवतरणे घातली नाहीत, तर डब्यातून बाहेर काढलेल्या ओळीचे शेल पुन्हा शब्द पाडतो. तीन ठिकाणी तीन निराळे हात नावाला लागू पाहतात. त्या तिन्ही हातांना ‘हे नाव आहे तसे राहू द्या’ असे बजावणारी ही चिन्हे आहेत.

या फेरीत एक गमतीचा अपघात होतो, आणि तो पुष्कळांना छळतो. फेरीच्या आत जी आज्ञा चालते तिलाही तीच नळी जोडलेली असते जीतून ‘रीड’ वाचते. ‘आरएम’ बिचारी नळीकडे पाहत नाही. पण दूरच्या संगणकाशी बोलणारी ‘एसएसएच’ किंवा चलच्चित्रांवर काम करणारी ‘एफएफएमपेग’ या आज्ञा समोर नळी दिसली की पिऊ लागतात. पंगतीतल्या पहिल्याच पाहुण्याने वाढप्याच्या हातचे पातेले ओढून घ्यावे तसा प्रकार होतो. पहिल्या ओळीचे काम होते, बाकीच्या ओळी तिच्याच पोटात जातात, आणि फेरी काहीही तक्रार न करता संपते. शंभर यंत्रांवर करायचे काम एकावर होऊन थांबते व चालकाला वाटते सगळे झाले. उपाय साधा आहे. त्या आज्ञेचे आदान ‘/डेव्ह/नल’ या कायम रिकाम्या फाईलकडे वळवायचे, म्हणजे तिला पिण्यासारखे काही सापडत नाही.

फेरीचा दुसरा दोष वेगाचा. चार हजार ओळी म्हणजे ‘आरएम’ चार हजार वेळा नव्याने जन्माला येणार, एक फाईल पुसणार आणि मरणार. पुसण्याला जितका वेळ लागतो त्याहून जन्ममरणालाच अधिक. ‘आरएम’ला एका वेळी अनेक नावे दिलेली चालतात; मग एकेक कशाला वाढायचे? घरी अवेळी आलेल्या पाहुण्याला एकेकटे ताट मांडणे निराळे आणि लग्नघरची पंगत निराळी. पण पंगतीलाही मांडवाची मर्यादा असते. नव्या प्रोग्रॅमला एका वेळी किती बाइटांची नावे द्यावीत याला गाभ्याने सीमा घातलेली आहे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ती पाचशेच्या आसपास होती, सातव्या आवृत्तीत ५१२० झाली. आजच्या लिनक्सवर ती नेहमीच्या मांडणीत वीस लाखांवर आहे. सीमा ओलांडली की आज्ञा चालतच नाही, नावांची यादी फार लांब झाली एवढाच निरोप येतो.

हा मांडव मोजून पंगती उठवणारा वाढपी म्हणजे ‘एक्सआर्ग्ज’. अक्षरे एक्स, ए, आर, जी, एस. बेल प्रयोगशाळेतच प्रोग्रॅमरांच्या कामासाठी जी युनिक्सची निराळी आवृत्ती सिद्ध झाली आणि १९७७ मध्ये बाहेर आली, तिच्यातून ही आज्ञा पुढे सगळीकडे पसरली. नळीतून येणारी नावे ती गोळा करते, मांडवात मावतील तितकी एका पंगतीला बसवते, आज्ञा एकदा चालवते, आणि उरलेल्यांसाठी दुसरी पंगत मांडते. लिनक्सवर जी ‘एक्सआर्ग्ज’ मिळते ती सहसा एका पंगतीला १,३१,०७२ बाइट घेते. आमच्या गृहस्थांच्या फाइलींची नावे, मार्गासकट, सरासरी साठ बाइटांची धरली तर चार हजार नावांचे २,४०,००० बाइट होतात. म्हणजे ‘आरएम’ चार हजार वेळांच्या ऐवजी दोन वेळा चालली की काम आटोपले.

फाइंड . -नेम '* लहान' | एक्सआर्ग्ज आरएम

दिसायला ही ओळ किती सुटसुटीत! फेरीतली ती चमत्कारिक चिन्हे नाहीत, डबे नाहीत. गृहस्थांनी ही ओळ टंकली तर काय होईल ते आता पाहा.

‘एक्सआर्ग्ज’चा स्वतःचा नियम असा की ओळ संपली तर वस्तू संपते, आणि मोकळी जागा आली तरी वस्तू संपते. ‘फाइंड’ने करार केला होता ओळीचा, ‘एक्सआर्ग्ज’ने तोडले शब्दांवर. ‘./आजी.जेपीजी लहान’ या एका नावाची दोन नावे झाली : ‘./आजी.जेपीजी’ आणि ‘लहान’. ‘आरएम’ने पहिले नाव पाहिले, त्या नावाची फाईल होती, ती पुसली. दुसरे नाव पाहिले, तशी फाईल नव्हती, म्हणून कुरकूर केली. चार हजार नकलांपैकी एकही गेली नाही, आणि चार हजार मूळ प्रतिमांपैकी एकही राहिली नाही. पडद्यावर मात्र ‘लहान नावाची फाईल नाही’ हेच वाक्य पुन्हापुन्हा येत राहते. पाहणाऱ्याला वाटावे की काहीच पुसले गेले नाही.

हा कल्पनेचा खेळ आहे असे कोणी समजू नये. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्सची दुसरी आवृत्ती बाहेर काढली. तिच्या बरोबरच्या स्थापनेच्या मजकुरात जुनी आवृत्ती पुसण्याची एक ‘आरएम’ होती, आणि तीतील मार्गाच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालायची राहिली होती. ज्यांच्या चकतीच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्यापैकी काहींच्या यंत्रावर त्या नावाचे तुकडे पडले आणि भलत्याच चकतीवरचा मजकूर पुसला गेला. कंपनीने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन सुधारलेली दिली. तिथे ‘एक्सआर्ग्ज’ नव्हती, शेलच होता. पण दुखणे तेच, नाव एकाने लिहिले आणि दुसऱ्याने तोडले. दोन अवतरणचिन्हांची किंमत एवढी असू शकते.

‘एक्सआर्ग्ज’ची खोड एवढ्याने संपत नाही. ती अवतरणचिन्हांनाही अर्थ देते. गोव्यातला एखादा डिसूझा आपले आडनाव रोमन लिपीत ‘डी’नंतर वर एक स्वल्पविराम टांगून लिहितो, ते आडनाव फाईलच्या नावात आले की ‘एक्सआर्ग्ज’ त्या चिन्हाला अवतरणाची सुरुवात समजते, त्याचा जोडीदार शोधू लागते, आणि ओळ संपेपर्यंत तो न सापडल्याने तिथेच हटून बसते. ‘-आय’ या पर्यायाने एका ओळीला एक आज्ञा असा हुकूम तिला देता येतो. मग मोकळ्या जागेवर ती तोडत नाही, पण डिसूझांची अडचण कायमच राहते. जीएनयूच्या ‘एक्सआर्ग्ज’ला ‘-डी’ने स्पष्ट सांगता येते की ओळीचा शेवट हीच एक सीमा मान, बाकी कशालाही अर्थ देऊ नकोस. यादी हाताने केलेली असेल, नावे ओळीओळीने लिहिलेली असतील, तर आमच्या मते हाच पर्याय सर्वांत बरा. फक्त यादी विंडोजच्या यंत्रावर टंकलेली नाही ना, ते पाहावे. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की गाडा उजवीकडे परत सारायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, अशा दोन क्रिया असत. विंडोजने दोन्हींच्या खुणा फाईलमध्ये जपल्या, युनिक्सने एकच ठेवली. त्यामुळे तिकडच्या यादीतल्या प्रत्येक नावाच्या शेवटी गाडा परत सारण्याची एक अदृश्य खूण चिकटून येते, आणि डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारी फाईल यंत्राला सापडत नाही.

मग ओळीवर भरवसा ठेवला की निभावले, असे म्हणावे काय? हाताने केलेल्या यादीपुरते होय. फाईलच्या नावांच्या बाबतीत तेही पुरत नाही. युनिक्सने फाईलच्या नावात दोनच बाइटांना मज्जाव केला आहे. एक तिरकी रेघ, कारण ती मार्गातील घरे वेगळी करते. आणि दुसरा शून्य क्रमांकाचा बाइट, कारण गाभ्याच्या लेखी नाव तिथे संपते. बाकी सर्व चालते, खुद्द ओळ संपवणारा बाइटही. असे नाव मुद्दाम कोणी देत नाही, पण खोडसाळ माणूस देऊ शकतो आणि बिघडलेला प्रोग्रॅमही देऊ शकतो. ज्या चिन्हाने सीमा आखायची तेच जर नावाच्या आत राहू शकत असेल, तर ती सीमा कसली? शहाणपणाची सीमा एकच उरते, ती शून्य बाइटाची, कारण तो नावात येणे शक्यच नाही.

फाइंड . -नेम '* लहान' -प्रिंट० | एक्सआर्ग्ज -० आरएम

‘-प्रिंट०’ म्हणजे प्रत्येक नावानंतर शून्य बाइट दे. ‘-०’ म्हणजे फक्त त्याच्यावर तोड. नळीच्या दोन्ही टोकांनी एकच करार केला, आणि तो मोडण्याची शक्ती कोणत्याही नावात राहिली नाही. जीएनयूच्या आज्ञांत ही सोय कित्येक वर्षे होती. पॉझिक्स या नावाने युनिक्सचे जे सर्वमान्य प्रमाण लिहिले जाते, त्याने मात्र तिला २०२४ च्या आवृत्तीत जागा दिली. इतकी उघड गोष्ट प्रमाणात यायला इतका काळ लागावा याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

नळीच टाळायची असेल तर तोही मार्ग आहे. ‘फाइंड’लाच सांगावे की नावे तूच पंगतीला बसव :

फाइंड . -नेम '* लहान' -एक्झेक आरएम '{}' +

शेवटचे अधिकचिन्ह पंगतीचे. त्याच्या जागी अर्धविराम दिला तर एकेका नावाला एकेक ‘आरएम’. इथे नाव मध्ये कोठेही मजकूर बनून वाहत नाही, म्हणून त्याचे तुकडे पडण्याचा प्रश्नच उरत नाही. पुष्कळ यंत्रांवर याहून आखूड असा ‘-डिलीट’ हा पर्यायही असतो. तो हाताशी असावा, पण जपून. ‘फाइंड’ आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते. ‘-डिलीट’ चुकून ‘-नेम’च्या आधी लिहिला गेला तर नाव तपासण्यापूर्वीच पुसणे सुरू होते, आणि मग लहान-थोर असा भेद राहत नाही.

आता आपल्या लिपीविषयी. आजीचे नाव देवनागरीत लिहिले म्हणून काही अधिक धोका आहे काय, हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येणारच. उत्तर समाधानाचे आहे, आणि त्याचे श्रेय पुन्हा त्याच केन टॉम्प्सनकडे जाते. जगातील सर्व लिप्या बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही पद्धती १९९२ च्या सप्टेंबरात त्याने व रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून आखली. तीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. मात्रा-वेलांट्याही स्वतंत्र खुणा धरतात, म्हणून ‘आजी’ या एवढ्याशा शब्दाचे नऊ बाइट होतात. पण ते सर्व बाइट १२८ किंवा त्याहून वरचे असतात. ओळ संपवणारा दहा, मोकळ्या जागेचा बत्तीस, तिरक्या रेघेचा सत्तेचाळीस आणि शून्य, यांपैकी एकही देवनागरी अक्षराच्या पोटात सापडत नाही. त्यामुळे मराठी जन्मालाही यायची होती तेव्हाचे शिलालेख असोत की कालचे वीजबिल, त्यांची नावे या जुन्या नळीतून बिनधोक वाहतात. तोटा एवढाच की लिनक्सवर फाईलचे नाव सहसा २५५ बाइटांपर्यंत चालते, आणि देवनागरीत ते पंच्याऐंशी खुणांत संपते. लांबलचक नावे देणाऱ्यांनी हिशेब करावा.

धोका देवनागरीचा नाही. धोका नावाला आज्ञेत कालवण्याचा आहे. प्रत्येक ओळीवर एकाहून अधिक कामे करायची असली की पुष्कळ लोक ‘एक्सआर्ग्ज’कडून ‘एसएच -सी’ने एक नवा शेल चालवतात, आणि त्या शेलला द्यायच्या वाक्यात महिरपी कंसांची जोडी घालून तिच्या जागी नाव चिकटवून घेतात. आता नाव हे नाव राहिले नाही, ते वाक्याचा भाग झाले. त्यात अर्धविराम असेल तर शेल तिथे एक आज्ञा संपली असे समजेल आणि पुढचा मजकूर दुसरी आज्ञा म्हणून चालवील. दुसऱ्याने पाठवलेल्या फाईलचे नाव तुमच्या यंत्रावर हुकूम सोडू लागेल. हा प्रकार टाळायचा तर नाव वाक्याबाहेर, स्वतंत्र शब्द म्हणून द्यावे आणि वाक्यात त्याला "$१" असे म्हणावे. हुकूम आणि ऐवज ही दोन पाकिटे वेगळी ठेवण्याचाच हा प्रकार आहे. नावाची सुरुवात संयोगचिन्हाने होत असेल तर आज्ञा त्याला नाव न समजता पर्याय समजते, म्हणून ‘आरएम’नंतर दोन संयोगचिन्हे, ‘--’, घालून ‘आता पुढे फक्त नावेच’ असे तिला सांगावे.

पुसण्याआधी रंगीत तालीम कशी घ्यावी, हेही सांगून ठेवतो. पुष्कळ ठिकाणी ‘आरएम’च्या जागी ‘एको’ लिहून पाहा असा सल्ला मिळतो. तो अपुरा आहे. ‘एको’ सगळी नावे मोकळ्या जागा सोडून एका रांगेत छापते, आणि त्या रांगेत ‘आजी.जेपीजी लहान’ हे एक नाव आहे की दोन, हे दिसतच नाही. दुखणे ज्या ठिकाणी आहे तिथेच पट्टी बांधून डॉक्टरला दाखवल्यासारखे ते होते. त्यापेक्षा ‘प्रिंटफ’ घ्यावी आणि प्रत्येक वस्तू कंसात छापायला सांगावी :

फाइंड . -नेम '* लहान' | एक्सआर्ग्ज प्रिंटफ '[%एस]\एन'

पडद्यावर एका ओळीत [./आजी.जेपीजी] आणि खालच्या ओळीत [लहान] असे दिसले, की आमचे गृहस्थ तिथेच हात आवरतील. ‘-प्रिंट०’ आणि ‘-०’ घालून पुन्हा तालीम केली की [./आजी.जेपीजी लहान] असे सबंध नाव एका कंसात दिसेल. मग ‘प्रिंटफ’ काढून ‘आरएम’ बसवावी. या तालमीला काही क्षण लागतात. चार हजार प्रतिमा पुन्हा घ्यायच्या म्हटल्या तर घ्यायला मूळ कागद नाहीत.

पुसण्याखेरीज इतर कामांत, म्हणजे प्रतिमा लहान करणे, फाइली दाबून बसवणे अशांत, ‘एक्सआर्ग्ज’चा आणखी एक गुण उपयोगी पडतो. ‘-पी ४’ म्हटले की ती एकाच वेळी चार वाढपी सोडते, आणि चार गाभ्यांचा प्रक्रियक असेल तर काम जवळजवळ चौपट वेगाने उरकते. मात्र ‘-एन’ने एका पंगतीला थोडी नावे द्यायला सांगावे, नाहीतर पहिलाच वाढपी सगळी नावे घेऊन बसतो व बाकीचे तिघे हात बांधून उभे राहतात. चौघे एकदम बोलू लागले की त्यांचे पडद्यावरचे बोलणे एकमेकांत मिसळते, हेही गृहीत धरावे. ज्याला उत्तरांचा क्रम हवा असेल त्याने प्रत्येकाचे उत्तर निराळ्या फाईलमध्ये उतरवून घ्यावे.

शेवटी एक बारीकशी शंका उरते. यादीत एकही ओळ आली नाही तर? फेरीचे उत्तर सरळ आहे. वाचायला काही नाही, म्हणून ती एकदाही फिरत नाही. जीएनयूची ‘एक्सआर्ग्ज’ मात्र पाहुणे नसतानाही एक पंगत मांडते, म्हणजे आज्ञा एकदा, काहीही नाव न देता, चालवते. ‘आरएम’ला नाव नसले तर ती नुसती कुरकूर करते, पण ‘एलएस’ला नाव नसले तर ती चालू कप्प्यातल्या सगळ्या फाइली दाखवते, आणि ज्याला वाटत होते की आपल्या यादीत काहीच नाही, त्याच्यापुढे भलतीच यादी येऊन उभी राहते. तिला ‘-आर’ असे सांगितले की नावे नसताना ती गप्प बसते. मॅकवरची ‘एक्सआर्ग्ज’ न सांगताच गप्प बसते. म्हणून एका यंत्रावर लिहिलेली ओळ दुसऱ्या यंत्रावर नेताना ती आधी रिकाम्या यादीवर चालवून पाहावी.